विहिरीत सोडलेली बादली

आमच्या दूध संस्थेच्या विहिरीत पाणी मोजायचं यंत्र सोडलेलं आहे. त्यातली माहिती काढायला चौसाळ्याहून एक माणूस येतो. नाव मी कधी विचारलं नाही. तो बसत नाही. लॅपटॉप कठड्यावर ठेवून या पायावरून त्या पायावर होत राहतो आणि "बघू, बघू" म्हणतो. यंत्र नुसते शून्य आणि एक लिहितं, त्यावरून पाणी किती मीटर ते हा काढतो.

त्या उन्हाळ्यात टँकर एकाएकी बंद झाला. जनावरं हंबरून जीव खात होती. तो माणूस दिसताच मी विचारलं, "टँकर कावून बंद केला रे?"

"मावशी, आकड्यात विहीर काठोकाठ भरलीय."

"मग उतर की पोहायला!"

तो विहिरीत वाकून बघत राहिला. मग भराभरा बोटं चालवू लागला. पाणी यंत्राच्याही खाली गेलं की आकडा उणे होतो. त्याच्या हिशेबाला उणे कळत नव्हतं, म्हणून तोच आकडा भलामोठा दिसला. "माझंच चुकलं," म्हणाला आणि त्यानं साहेबाला फोन लावला. अहवाल वर गेलाय, टँकरचं पुढच्या महिन्यात बघू, असं साहेब म्हणाले.

त्यानं माझी बादली उचलली, फोन विहिरीवर धरला आणि दोर सोडून दिला. बादली खडकावर अशी वाजली की झोपलेली कुत्री उठली.

"ऐकलं का साहेब? ह्यालाच आपण काठोकाठ म्हणलोय."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. बादलीला पोचा पडला तो पडलाच. आता तो आला की आधी माझ्याकडं हात पुढं करतो. बादली सोडतो, कान देतो, आणि मगच लॅपटॉप उघडतो.