बंदूक वर का मारत होती

छरा जावेच्या उजव्या भुवईत घुसला आणि ती दगडी गडग्यामागं मटकन खाली बसली. ओरडली नाही. मी बंदूक टाकून चढ चढून गेले तेव्हा तिच्या बोटांमधून रक्त येत होतं, आणि डोळा आहे की गेला ते कळत नव्हतं.

आम्ही वानराला छरा मारत नाही. फणसाच्या फांदीला पत्र्याचा डबा टांगलाय, त्यावर मारायचा. डबा खणखणला की वानरं पपया सोडून पळतात. त्या दिवशी डबा वाजलाच नाही. छरा वरून गेला. मागच्या चढावर जाऊ गवत कापत होती, ती नेमकी तेव्हाच कंबर सरळ करायला उठली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छरा काढला. हाडात अडकला होता. तीन टाके घातले. सूज उतरल्याशिवाय नजरेचं सांगता येणार नाही म्हणाले. कसं लागलं, असं विचारल्यावर जाऊ म्हणाली, "वानरं हाकलताना. चुकून." माझ्याकडे बघितलं नाही.

परत येताना रिक्षात म्हणाली, "मारायचंच होतं तर सांगायचंत, जाऊबाई. चाळीस वर्षं वाट कशाला बघितलीत?"

मी हसले. ती हसली नाही.

"तुमचा नेम चुकत नाही. अख्ख्या वाडीला माहीत आहे. मग आजच कसा चुकला?"

आम्ही दोघी विधवा. घर एक, बाग एक, सातबाऱ्यावर नावं दोघींची. लोकांना बोलायला एवढं पुरतं. लोकांचं मला काही वाटत नाही. पण हिच्याच मनात आलं, तर एका चुलीवर जेवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदूक काढली. ती माझ्या नवऱ्याची. तो बोटीवर होता, तेव्हा आणलेली. पन्नास वर्षं झाली. नळी मोडायची, छरा घालायचा, नळी सरळ करायची. आतली स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला ढकलतो, हवा छऱ्याला. दारूचं काम नाही.

जावेला माझ्या पाठीमागं ओटीवर बसवलं. आदल्या दिवशी कोण कुठं आहे ते बघितलं नव्हतं. ती चूक बंदुकीची नव्हे, माझी. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. पुढचं सांगा."

गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला भाताच्या कोंड्याचं पोतं टेकवलं, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर कुंकवाचा टिळा. पंधरा पावलांवरून पाच छरे मारले. पाचही टिळ्याच्या वर. एक वीतभर वर, एक चार बोटं, बाकीचे मध्ये कुठं तरी.

म्हणजे हात हलत नव्हता. हात हलला तर छरा चहूकडे जातो, नुसता वर जात नाही.

दस्त्याचे स्क्रू बघितले. दोन ढिले होते. आवळले. पुन्हा पाच. तसेच वर.

नळी जिथं मोडते तिथल्या वायसरमधून हवा फुटत असेल, म्हणून सांध्यावर कापसाचा पेळू ठेवून बार काढला. कापूस हलला नाही.

मग छरे. डब्यात राहून काहींचे घेर चेपले होते. चांगले तेवढे निवडले. तरी वर.

"पुरे करा आता," जाऊ म्हणाली. "बंदूक गेली तुमची. विहिरीत टाका."

"विहिरीत टाकली तर तुला काय सांगू?"

मी पुन्हा नळी मोडली आणि बार काढला. आवाज मोठा आला, दिवाळीतल्या लवंगीसारखा. जावेनं नाक वर केलं.

"चुलीवर काय ठेवलंत? खोबरेल करपतंय."

चूल विझलेली होती. मी नळी मोडून हुंगली. आतून बारीक धूर येत होता, वास खोबरेलाचा.

"खंडेनवमीला मी हेदवीला होते," मी म्हटलं. "त्यानंतर बंदूक कालच काढली. पूजा कुणी केली?"

"कोणी करायची? मीच केली. कोयती, विळे, शिलाई मशीन, ही." थांबून म्हणाली, "कुंकू लावलं, नळी मोडली आणि मागच्या भोकात दोन पळ्या तेल सोडलं. हत्याराला तेल नको?"

दुपारच्या एसटीनं रत्नागिरीला गेले. शिलाई मशीन दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री आहे, त्याच्यापुढं बंदूक ठेवली. त्यानं स्प्रिंग जपून सोडवली, सगळं पुसलं. दट्ट्याचा कातडी वायसर एका बाजूनं जळला होता. "हवा दाबली की तापते. आत तेल असलं की पेटतं. मग छरा जास्त जोरानं जातो, म्हणून वर," तो म्हणाला. "कातड्याला तेल लागतं, आजी, पण थेंबभर. तुम्ही वांगी तळलीत." त्यानं नवा वायसर कापून बसवला.

घरी येऊन दुसऱ्या सकाळी पाच छरे मारले. पाचही एका सुपारीखाली झाकले गेले असते. जाऊ कागद हातात घेऊन एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिली. संध्याकाळी शेजारीण चौकशीला आली, "मोठीनं मारलीन म्हणे?" म्हणाली.

"मारलीन तिनं, तेल घातलं मी," जाऊ म्हणाली. "चहा घे."

सूज आठ दिवसांनी उतरली. त्या डोळ्यानं ती सुईत दोरा ओवते. ती बहात्तर वर्षांची आहे, मी सत्याहत्तरची. दोघी जिवंत आहोत.