पुष्यावरचं बाळंतपण

धाकटी बहीण सातव्या महिन्यात संग्रामपूरहून पिंपळगाव राजाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आमच्याकडचा रिवाज आहे. तोवरची तिची सगळी तपासणी तिकडच्या सरकारी दवाखान्यात झाली होती. इथे आल्यावर ती खामगावच्या सरकारी दवाखान्यात जाऊ लागली. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: बाळाचं डोकं खाली आहे, वजन चांगलं आहे, रक्तदाब ठीक आहे, ऑपरेशनची गरज दिसत नाही. तिला तेच ऐकायचं होतं. तिच्या जावेचं सिझर झालं होतं आणि बाळाला उचलून घ्यायलाही तिला कुणाला तरी हाक मारावी लागत होती. बहिणीला आपलं मूल आपणच उचलायचं होतं.

सोनोग्राफीच्या कागदावर प्रसूतीची अंदाजे तारीख होती. तिच्या सासऱ्यांनी फोन करून ती मागवून घेतली आणि पंचांगात पाहिली. त्या दिवशी मूळ नक्षत्र निघालं. मुळावर जन्मलेलं मूल बापाला जड जातं, असं मानतात. दोन दिवसांनी ते स्वतः जावयांना घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. दहा-अकरा दिवस आधीचं पुष्य नक्षत्र त्यांनी धरलं होतं, ज्योतिषाकडून वेळही काढून आणली होती.

मी तिच्या सासऱ्यांना म्हणाले, “मामाजी, ती तारीख अंदाजाची असते. आठ दिवस मागे होईल, आठ दिवस पुढे होईल. मूळ तर एकाच दिवसाचं आहे.”

“मागं-पुढं होते म्हनूनच तर ठरवून घ्याचं,” ते म्हणाले.

बहीण दाराशी उभी होती. “मामाजी, मले कळा येऊ द्या ना.”

“पोरी, कळा काय पंचांग पाहून येतात का?”

ओसरीवरचे सगळे हसले. जावईही हसले. तिच्या म्हणण्याचा विचार तेवढ्यावर संपला.

ते गेल्यावर आई म्हणाली, “होऊ दे त्यांच्या मनासारखं. उद्या काही झालं तर बोल आपल्यालेच लागन.” बाळंतपण माहेरचं असलं, तरी मुहूर्त सासरचा होता. काही बिघडलं तर दोष मात्र माहेराकडे येणार होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ नकार दिला. कारण नसताना पोटावर सुरी लावायची नाही, असं त्या म्हणाल्या. मग एक खाजगी दवाखाना शोधण्यात आला. तिथल्या डॉक्टरांनी पुष्य म्हटल्यावर मान वर न करता विचारलं, “सकाळची वेळ आहे की दुपारची?” सकाळची, असं सासऱ्यांनी सांगितलं. दिवस आणि वेळ ठरली. आम्ही उठत असताना डॉक्टर म्हणाले, “तसंही गर्भाशयातलं पाणी थोडं कमीच वाटतंय.” पाणी कमी होणं हे सिझरचं कारण असू शकतं. इथे ते निर्णय झाल्यानंतर सापडलं.

पुष्याच्या सकाळी त्या दवाखान्याच्या बाकावर बहिणीसारख्याच आणखी तिघी बसलेल्या होत्या. हिरवे गाऊन, उपाशी पोट, आणि कळ एकीलाही नाही. ऑपरेशनची खोली एक होती. भूल देणारे डॉक्टरही एकच होते. कुणाची वेळ आधी यावरून सासरची माणसं वाद घालत होती, आणि एक गृहस्थ तर बसमध्ये जागा धरावी तसे त्या खोलीच्या दाराशीच उभे होते.

बहिणीला आत घेणार, एवढ्यात धामणगाव बढेकडची एक बाई गाडीतून उतरवली. ती रात्रभर कळा देत होती. बाळ अडलं होतं. तिला उभंही राहता येत नव्हतं. सिस्टरने तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि थांबायला सांगितलं; आधीचे पेशंट ठरलेले आहेत, म्हणाली.

तिची सासू ओरडली, “लेकरू अडकलं हाय माह्या सुनेचं! तुमचं पुष्य घाला चुलीत!”

बहीण बाकावरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. “तिले घ्या आधी,” ती म्हणाली. “मले काईच होऊन नाई राह्यलं.”

“वेळ टळून राह्यली ना!” सासरे म्हणाले. पण तोपर्यंत सिस्टरने स्ट्रेचर ढकललं होतं.

मला वाटलं, वेळ टळली, आता घरी जाऊ. सासऱ्यांनी बाहेर जाऊन ज्योतिषाला फोन लावला. चहा पिऊन होण्याआधी दुपारची नवीन वेळ आली, पुष्यातलीच. पहिल्या वेळेइतकीच उत्तम, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळेला बहिणीचं पोट फाडण्यात आलं. मुलगा झाला.

धामणगावच्या बाईचं मूल मोठ्यानं रडलं होतं. आमचं रडलं ते कण्हल्यासारखं. त्याचा श्वास भराभर चालत होता आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. संध्याकाळी त्याला लहान मुलांच्या दवाखान्यात हलवून काचेच्या पेटीत ठेवलं. बहीण टाके सांभाळत पहिल्याच ठिकाणी पडून होती. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसात पाणी राहिलंय. कळा येऊन बाळंतपण झालं असतं, तर ते बहुधा आपोआप निघून गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, “एवढी घाई का केली?” सासरे बाहेर पेढे वाटत होते. नक्षत्र साधलं होतं.

पुढे बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि मुक्काम लांबला. बहिणीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून, एका हातानं पोट धरून. दूध काढून वाटीतून पाठवत होती. सासरच्यांपैकी कुणी तिची माफी मागितली नाही. पेटीसुद्धा मुळाच्याच खात्यात गेली: “मुळावर झालं असतं, तर काय झालं असतं पाहा,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जात होतं.

ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आज बाळाला घरी न्या, तो नेमका कागदावरच्या अंदाजे तारखेचा दिवस होता. सासरे लगबगीनं पुढे आले. “आज नोको. आज मूळ हाय. उद्या नेऊ.”

बहीण मुलांच्या दवाखान्यातल्या पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, माझा हात झिडकारला आणि एकटीच उभी राहिली. टाके ओढले गेल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“मामाजी, ह्याले काढाचा दिवस तुमी धरला,” ती म्हणाली. “आता सरका.”

ते सरकले नाहीत. ती त्यांना वळसा घालून बाहेर गेली आणि ऑटोत बसली.