माका इंग्लिश येना नाय

सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात दोन घरांमधल्या गडग्यापलीकडून कातरीनची हाक आली, "टीचर, बेगीन ये गो! सोलांबाय उठना नाय!" कातरीन आमच्या दोन्ही घरी कामाला येते आणि तिला दुधाचं पातेलं उतू गेलं तरी किंचाळायची सवय आहे. म्हणून मी आधी सूप नीट खाली ठेवलं, मग गेले. सोलांज कुशीवर झोपल्यासारखी होती. हात लावला तर थंड. खोटं कशाला बोलू, रडू नाही आलं मला. राग आला. आदल्या दिवशी चार वाजता याच बाईनं माझा अख्खा तास खाल्ला होता आणि वर "उद्या बघूया" म्हणून निघून गेली होती... तो उद्या हा असा!

ती माझी धाकटी जाऊ. धाकटे दीर इनास बोटीवर इंजिनीअर होते, त्यांनी फ्रान्सहून करून आणलेली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. ज्यांची जाऊ चांगली होती त्यांनी लिहावं. आमचं एकमेकींशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं आणि त्याचं कारण अख्ख्या मालवणाला ठाऊक आहे, तेव्हा इथं झाकून काय मिळणार?

मी इंग्रजीची शिक्षिका. आमच्या वाडीत इंग्रजी शिकवणारी पहिली बाई मी, आणि तो तोरा मी मिरवत होते, का नाही मिरवणार? परदेशी जाऊ येणार म्हटल्यावर महिनाभर आधीपासून वाक्यं घोकली. प्रवास कसा झाला, आमचा समुद्र आवडला का, मासे चालतात ना, सगळं. ती खळ्यात, आमच्या अंगणात, उतरली तेव्हा घरचे, शेजारचे, चर्चमधले असे सगळे जमले होते. सासूबाईंनी मलाच पुढं ढकललं. मी छान आवाज लावून बोलले. तिनं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, ओठ फुगवून "प्फ" असा आवाज काढला आणि म्हणाली, "नो इंग्लिश." झालं! सरळ सासूबाईंकडे वळून त्यांच्या गालांना गाल लावले. गोरी बाई आणि तिला इंग्रजी येत नाही, हे आमच्या लोकांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपला सोपा अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात माझ्या पाठीमागे दोघी बोलत होत्या, "टीचराचा इंग्लिश गोऱ्या बायेक कळाकच नाय! आणि आमची पोरां हिच्याकडे शिकतत!" पुढं कितीतरी वर्षं कुणाचं पोर इंग्रजीत नापास झालं की ते वाक्य पुन्हा वर यायचं. मी शिकवलेली पोरं दुबईला गेली, पण वाडीच्या लेखी माझं इंग्रजी सोलांजनं एका "प्फ"मध्ये निकालात काढलं होतं.

इनास हसून सांगायचे, "वैनी, थंय असाच आसा." त्यांचा पाय इंजिनरूममध्ये मोडला, बोटीनं त्यांना तिकडच्या एका बंदरात उतरवून ठेवलं आणि सोलांज तिथं नर्स होती. इंग्रजीत पाणी मागितलं तर म्हणे ऐकू न आल्यासारखं करायची. दुकानात, टपालात सगळीकडे तेच, इंग्रजी बोललं की तोंड फिरवतात. तहानेपोटी इनास फ्रेंच शिकले आणि शिकता शिकता लग्नच केलं. मी म्हटलं, आजाऱ्याला तहानलेला ठेवणारी ही कसली नर्स? तर इनास म्हणाले, "पानी दिल्यान गो, पण फ्रेंच नाव शिकवन दिल्यान."

नोकरी संपवून दोघं कायमची इकडे आली, आमच्या शेजारी घर बांधलं, मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. आणि या बाईनं मालवणी शिकायला घेतली! सासूबाईंकडून, कातरीनकडून, मासेवाल्यांकडून. सासूबाईंना 'सोलांज' म्हणता येईना, त्यांनी तिचं 'सोलां' केलं, कढीत घालतो ती आमसुलं. तिला ते इतकं आवडलं की दारावर तेच नाव रंगवलं. मी वेंगुर्ल्याची, मालवणी माझ्या आईच्या दुधातली, पण टीचर झाल्यावर ती मी माळ्यावर टाकली होती. घरातही शुद्ध बोलायचे. आता हिच्याशी बोलायचं तर दुसरी भाषाच नाही. मी मराठीत विचारलं की ही ठसक्यात, "वैनी, बाजाराच्या भाशेत बोल मगे." सासूबाई खूश. शेवटच्या दुखण्यातही त्यांना सोलांच हवी असायची. सासूबाई सुद्धा "प्फ" करायला शिकल्या, आणि मी काही म्हटलं की दोघी मिळून करायच्या. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

आणि तिला इंग्रजी येत होतं! हे मला कळलं तेव्हा इनास जाऊन वर्ष झालं होतं. नाताळच्या जेवणाला मी माझ्या नवऱ्याला, जुझेला, हळूच इंग्रजीत म्हटलं, की आज फादर बोलताहेत ते आपल्यापेक्षा त्या केकलाच जास्त उद्देशून आहे. सोलांजला खुदकन हसू फुटलं. हसल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला. दुसऱ्या दिवशी मी तिला गडग्यावर गाठलं. चार वाजता ती कॉफी घेऊन तिथं येते हे ठरलेलं, दूध नाही, साखर नाही, काळी कडू. कॉफीचा मग ठेवायचा तो गडग्यावरचा तिचा एक सपाट चिरा होता. मी तोंड सोडलं. अख्ख्या गावात माझी अब्रू घालवलीस, तुला येत होतं तरी! गर्विष्ठ, घमेंडखोर, काय काय बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गर्व नाय तो, वैनी. लाज." शाळेत तिचा इंग्रजीचा मास्तर तिला फळ्यापाशी उभी करून वाक्य बोलायला लावायचा आणि सगळ्या वर्गाला हसवायचा. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं तिकडे सगळे तसेच वाढले. मग तोंड फिरवायचं आणि त्यालाच अभिमान म्हणायचं. मी म्हटलं, "मगे ता तेव्हाच सांगूक काय झाला होता?" तर बया म्हणते कशी, "खंयच्या भाशेत सांगतलंय?"

म्हणजे त्या कुठल्या मेल्या मास्तरापायी माझी इतकी वर्षं गेली! मला तिची दया यायला हवी होती. आणखी राग आला.

तोपर्यंत मालवणात फ्रेंच माणसं यायला लागली होती. सुरुवातीला यायची ती वयस्क जोडपी. किल्ल्याच्या होडीवाल्यांनी इंग्रजीत काही विचारलं की नाकाला मिरची झोंबल्यासारखी बघायची. मग पोरं सायकल मारत यायची, "सोलांबाय, तुझी माणसां इली हत, बेगीन चल!" ही लगेच पातळ बदलून, ओठांना लाली लावून जेटीवर. परत येताना चाल अशी, जणू किल्ला हिनंच बांधलाय. पुढं पुढं हाका कमी झाल्या. एकदा तिला कुणीतरी सांगितलं, मोठा घोळका आलाय फ्रेंचांचा. न बोलावता गेली, मलाही ओढत नेलं. तरणी पोरं होती, होडीवाल्याशी धडाधड इंग्रजी बोलत होती. काळ नाही, वेळ नाही, 'हॅपी'चं 'आपी', आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. होडीवाल्याचं इंग्रजीही तसलंच. दोघांचं मस्त जुळलं होतं. सोलांज जवळ जाऊन फ्रेंचमध्ये बोलली. ती पोरं गोड हसली, फ्रेंचमध्ये उत्तरही दिलं, आणि त्यातली एक पोरगी होडीत चढताना तिला टाटा करत म्हणाली, "नाइस टु मीट यू!" आपल्याच भाषेच्या बाईला! परत येताना सोलांजची ती किल्ला बांधल्याची चाल नव्हती. मला खरं तर गुदगुल्या व्हायला हव्या होत्या, आणि थोड्या झाल्याही.

पण खरं दुखणं तिच्या घरातलं होतं. तिची एकुलती मुलगी क्लेर हॉलंडमध्ये नोकरी करते, नवरा तिथलाच, आणि घरात दोघांची भाषा इंग्रजी. मुलगाही त्यातच वाढतोय. दोन वर्षांपूर्वी ती सगळी आली, तेव्हा त्या पोरानं आजीला पहिल्या जेवणाला इंग्रजीत विचारलं, यात काटे आहेत का? सोलांज फ्रेंचमध्ये उत्तर देई, पोर आईकडे बघे. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी गडग्यापलीकडे आवाज चढले. फ्रेंचमधलं मला काय कळणार, पण सोलांज चिडली की मालवणीवर यायची. "माझो नातू! माझ्या घरात! आणि माझी भास तेका तू शिकयलंस नाय!" क्लेर इंग्रजीत ओरडली, मला ऐकू जावं म्हणूनच बहुधा. तुला येतं इंग्रजी, मग बोल ना त्याच्याशी! चुकलीस तर चुकलीस! आमच्यात आता कुणी कुणाला हसत नाही, ती तुमची पिढी गेली! त्यावर सोलांजचं ते "प्फ" आणि दार आपटल्याचा आवाज. त्यानंतर मायलेकींचं बोलणं बंद. नाताळला कार्ड, बस्स. मी दोघींनाही शिव्या घालत होते. पोरीला लाज नाही म्हणून, आणि आईला नको तेवढी आहे म्हणून.

तर आता त्या शेवटच्या दुपारचा प्रसंग. सोलांज कॉफी घेऊन आली, हातातला मग चिऱ्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैनी, 'माझा चुकला' ह्या इंग्लिशीत कसा म्हणतत?"

मला वाटलं माझे कान वाजतायत. "तुका येता ता. माका कित्या इचारतंस?"

"माझा शाळेतला आसा. माका तुझा व्हया."

इतक्या वर्षांनी! बाजारात घालवलेली माझी अब्रू तिनं आणून त्या गडग्यावर ठेवली, आणि मला ती उचलून घेतानाही धड आनंद होईना. मी सांगितलं, "आय वॉज राँग." ती म्हणाली, "आय वॉज घाँग." तिचा 'र' घशातून खरवडून यायचा. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. मी म्हटलं, "चलात ता. लाव फोन चेडवाक." तर नाही! "बरोबर येयपर्यंत मी फोन करूचंय नाय." अगं, ती तुझी मुलगी आहे, परीक्षा घेणार आहे का? पण डोळ्यांसमोर तो फळा आणि तो मास्तर, आता मेला असेल नाही तर काय! तासभर घोकत होती. कॉफी निवून गेली. शेवटी म्हणाली, "प्फ. उद्या बघूया."

क्लेर आली ती एकटीच, दफनाच्या सकाळी. चर्चमध्ये आईवर बोलली ती इंग्रजीत. लोकांना कळावं म्हणून, असं म्हणाली. निम्म्या लोकांना कळलं नाही, आणि जिला कळलं असतं ती पेटीत होती. मी पहिल्या बाकावर दात आवळून बसले. सोलांजवर इतकी वर्षं चिडत आले, पण त्या दिवशी तिच्या बाजूनं चिडले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीनं गडग्याशी गेले. पलीकडून क्लेर आली. आईचाच मग, तीच काळी कॉफी, आणि तिनं तो ठेवलाही त्याच चिऱ्यावर. मग मला इंग्रजीत विचारलं, काकी, ती माझ्याबद्दल काही बोलली होती का? शेवटी काही म्हणाली का?

निरोप माझ्या जिभेवर होता. पण ती विचारत होती त्या भाषेत मला तो द्यायचाच नव्हता. मी खांदे उडवले आणि म्हटलं, "माका इंग्लिश येना नाय."

ती बघतच राहिली. अख्खा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवलेली तिची काकी! तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, मला समजावं म्हणून. मी पुन्हा तेच. मग ती फुटली. चर्चमध्ये नव्हती रडली, आता रडली आणि जे बोलत सुटली ते सगळं फ्रेंच. मला शब्द कळला नाही. मला म्हणत होती, त्या मगाला, की घराला, कोण जाणे. पण आवाज, हात, सगळी सोलांजच. दोन वर्षं जे ऐकायला ती बया तडफडली, ते आता गडग्याला ऐकवून काय उपयोग? मी थांबवलं नाही तिला. बोलू दिलं. दमली, नाक पुसलं, आणि लहानपणी सुट्टीत आजीजवळ शिकलेलं कुठून तरी आठवून मोडकंतोडकं म्हणाली, "काकी... आवशीन माका काय सांगल्यान?"

आता अडवून ठेवायला मी काही फ्रान्समधली मास्तर नव्हे.

"सांगल्यान," मी म्हटलं. "दुपारभर घोकल्यान तुझ्यासाठी." आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट मी केली. तो 'र' घशातून खरवडून, अगदी तिच्यासारखा काढला. "आय वॉज घाँग."

क्लेरनं तोंडावर हात घेतला. आवाज ओळखला तिनं.

ती गेली परत. त्या चिऱ्यावर कॉफीचा गोल डाग आहे, कातरीन रोज घासायला बघते आणि रोज माझ्याकडून बोलणी खाते. सोलांज, बाजारातलं ते मी अजून विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण तुझा निरोप पोचवला मी. चुकीचा होता तसाच पोचवला, आणि कुणी हसलं नाही.