साहेबांनी सोडलेला मासा

मी चाकणकडे गेले ती मासे खायला. निसर्ग, मोकळी हवा, नदीकाठ ही कारणं मी घरमालकिणीला सांगितली. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

आम्ही चिंचवडला देवळाशेजारी दोन खोल्या घेऊन राहतो. पाणी भरपूर, शेजार चांगला, घरमालकीणही मायाळू. अट एकच, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे सोमवार पाळतात, इथे आठवड्याचे सातही दिवस सोमवार. लग्न होऊन आले तेव्हापासून मासळीचं खवलंही दृष्टीला पडलेलं नाही. ह्यांची तीच गत, पण हे बोलत नाहीत. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये टेंपररी आहेत, आणि टेंपररी माणसाला बोलायची सवय राहत नाही.

तर एके दिवशी हे सांगत आले की, साहेबांनी येत्या रविवारी भामा नदीवर गळ टाकायला बोलावलंय, दोघांनाही. साहेब म्हणजे ह्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे ज्यांच्या हातात आहे ते. नाव लिहीत नाही. तसे ते मराठी वाचत नाहीत, म्हणून तर एवढं लिहितेय. मी तेवढ्यावर ट्रंकेतून माझा लोखंडी तवा काढला. पिशवीत तांदळाचं पीठ, तिखट, हळद, आमसुलं आणि आईनं पाठवलेली तिरफळं भरली. घरमालकिणीनं चौकशी केली तेव्हा म्हटलं, वांग्याचे काप करणार आहे. दाखवायला दोन वांगीही घेतली.

साहेबांची जीप उजाडता उजाडता आली. पुढे साहेब आणि त्यांची हॅट, मागे आम्ही दोघं आणि गळाच्या काठ्या. भोसरीपर्यंतचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पोटात काही असेल तर ते तिथेच हलून खाली बसतं. पुढे नाशिकची सडक लागते आणि जीव जागेवर येतो. तुम्ही जाल तर एसटीनं जा. पुण्याहून नाशिक किंवा जुन्नरची गाडी धरायची आणि चाकणला उतरायचं. मोशीच्या पुलावर खिडकीची जागा मिळाली तर इंद्रायणी छान दिसते. चाकणात कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या, किल्ल्याच्या खंदकात चरणाऱ्या शेळ्या, आणि स्टँडसमोर गुळाचा चहा एका आण्याला. तिथली कांदाभजी चुकवू नका. साहेबांनी चुकवली. उघड्यावरचं ते खात नाहीत, त्यामुळे आम्हीही खाल्ली नाहीत. मी त्या कढईकडे पाहत पाहत जीपमध्ये चढले.

चाकणपासून नदी फार लांब नाही, पण वाट कच्ची. एसटीनं येणाऱ्यांनी गाडीवानाशी भाडं आधी ठरवावं, नाहीतर तो चालूनच का आला नाहीत म्हणून वर ऐकवतो. दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, थंडीतलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. नदी थंडीत निवळशंख असते. वळणावर एक डोह आहे, काठाला बाभळी. साहेबांनी घडीची खुर्ची मांडली, काठी जोडली, माशाला भुलवायचा चकाकणारा पितळी चमचा गळासकट पाण्यात फेकला. मी तीन दगड मांडून काटक्या गोळा केल्या.

ऊन चढता चढता काठी वाकली. साहेब उभे, साहेब बसले, साहेब पुन्हा उभे. दोर सोडत होते, गुंडाळत होते, आणि मासा इकडून तिकडे पळत होता. पार दमला तेव्हा साहेबांनी ह्यांना पाण्यात उतरवलं, कारण साहेबांचे बूट विलायती. हे कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि हातजाळीत मासा घेऊन वर आले. खडस होता, चांगला हातभर, खवलं रुपयाएवढी. आमच्याकडे गोड्या पाण्यातला मासा आजाऱ्यालाही कोणी घालत नाही. पण तेव्हा मला तो पापलेटाहून सुंदर दिसला. ह्यांनी माझ्याकडे बघून जे हसू आणलं, तसं लग्नाच्या दिवशीही आणलं नव्हतं.

मग फोटो. कॅमेरा ह्यांच्या हातात, मासा साहेबांच्या. आधी ऊन पाठीमागे होतं, म्हणून साहेब फिरले. मग हॅटची सावली तोंडावर आली, म्हणून हॅट काढली. हॅटशिवाय बरं दिसेना, म्हणून पुन्हा घातली. मग माशाला काट्यावर टांगून वजन झालं, वजनासकट आणखी एक फोटो झाला. तेवढा वेळ मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मी तवा विस्तवावर ठेवला.

साहेबांची नजर तव्यावर गेली. "वहिनी, हे काय?"

"तवा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

साहेब मनापासून हसले आणि त्यांनी आम्हाला शिकवण दिली. ते विलायतेला राहून आलेत. तिथले सभ्य लोक मासा पकडतात, मोजतात आणि परत पाण्यात सोडतात. खाणं हे रानटीपणाचं. मासा हा आपला प्रतिस्पर्धी, आणि प्रतिस्पर्ध्याला कोणी तळत नाही. मला राहवेना. मी विचारलं, "मग साहेब, त्याला पकडायचंच कशाला?" ह्यांना खोकला आला. "त्याला खेळ म्हणतात, वहिनी," साहेब म्हणाले. मासाही खेळत होता की काय, हे विचारायचं मी गिळलं. ह्यांची नोकरी अजून कच्ची आहे.

"सोडा त्याला, सामंत. सन्मानानं."

हे पुन्हा पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी मासा धरून ठेवला, बराच वेळ. मग हात उघडले. वर आले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मी तव्यावर वांग्याचे काप तळले. साहेबांनी डबा उघडला, त्यात मटणाचे कटलेट होते. बकरा प्रतिस्पर्धी नसावा.

कटलेट जिरवायला साहेब हॅट तोंडावर घेऊन बाभळीखाली आडवे झाले. ह्यांना काठ्या राखायला बसवलं. मी भांडी घासायच्या निमित्तानं, खरं तर रागानं, पिशवी उचलून नदीच्या खालच्या अंगाला चालत गेले. वळण ओलांडलं तर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी, आणि तिच्या ओच्यात आमचा खडस. ओळखायला कष्ट पडले नाहीत. ओठाला गळाची चीर होती आणि जखम अजून ओली होती. मासा मेलेला होता. दमून, टांगून, फोटो काढून घेऊन मेला होता.

बाईचं नाव ठकूबाई. तिचं शेत काठालाच, खोपटाबाहेर चूल. मी साहेबांबरोबर आलेय म्हटल्यावर तिनं मला हाताला धरून बसवलं. "लई देवमाणूस हाय तुमचा साहेब," ती म्हणाली. "दर ऐतवारी येतो. धरतो अन् आमच्याकडं लावून देतो. सवता एक न्हाई ठिवत. आमी कुटं मागाया गेलतो का?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की, वरून मासे येतात ते साहेब मुद्दाम धाडतात. शिकलेल्या माणसाची दया खालच्या अंगाला अशी पोचते.

मला जेवायचा आग्रह करायची वेळच आली नाही, मी आधीच लसूण सोलायला घेतला होता. तिचा काळा मसाला, माझी आमसुलं आणि तिरफळं, बाजरीची गरम भाकरी. तिरफळाचा वास घेऊन ती म्हणाली, ह्ये काय वंगाळ घातलंस, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काटे फार होते. मी एकेक काटा चोखून बाजूला ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं मी तिला सांगितलं.

कोणी म्हणेल, दुसऱ्यानं सोडलेला मासा खाणं बरं का? मला तर त्या माशाला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखं वागवलं असं वाटलं. आम्ही मारतो तेव्हा मारलं म्हणतो, आणि वाया घालवत नाही. साहेब मारतात आणि पुण्य जमेला धरतात.

उठले तर ठकूबाईनं थाळी भरली, डोक्याकडच्या तुकड्यासकट, आणि चालायला लागली. साहेबांना द्यायची म्हणे, त्यांच्याच जिनसाचा त्यांना एक घास नको? माझ्या पायांखालची वाळू सरकली. ही थाळी त्या हॅटपुढे गेली असती तर सोमवारी ह्यांचा हिशेब झाला असता. मी म्हटलं, साहेब मासे खात नाहीत, त्यांचं व्रत आहे. ती हात जोडून म्हणाली, तरीच. मग ह्यांच्यासाठी थाळी न्यावी असं फार वाटलं. पण हे साहेबांच्या उशाशी बसलेले, लपवणार कुठे आणि खाणार कधी? साहेबांच्या वाट्याचं मीच संपवलं. डोकंही.

परत येताना साहेबांना क्लबात जायचं होतं, त्यांनी आम्हाला चाकणला उतरवलं. तिथून एसटी. गर्दी असते, शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. गाडीत हे माझ्या हाताजवळ नाक आणून बसले. घरी आल्यावर पाय धुतले, दार लावलं आणि विचारलं, "तो मासा?" मी सगळं सांगितलं.

"माझ्या हातून सुटला तेव्हा त्यानं शेपटी हलवली होती," हे म्हणाले. मला फार वाईट वाटलं, माशाचं नव्हे, ह्यांचं.

सहल कशी झाली म्हणून विचाराल तर झकास. काठ सुंदर, पाणी स्वच्छ, माणसं प्रेमळ. ज्यांना दया करायची असेल त्यांनी डोहापाशी थांबावं आणि ज्यांना भूक असेल त्यांनी वळणापलीकडे.

अंथरूण घालताना ह्यांनी विचारलं, काटे फार होते का. मी म्हटलं, खूप, पण चव होती. साहेबांनी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय म्हणाले. मग दिवा बारीक करता करता, साहेबांपुढे बोलतात त्याच खालच्या आवाजात म्हणाले,

"तू खालच्या अंगाला थांब. मी फोटो सावकाश काढीन."