परत येण्याचा पुरावा

जूनचा पहिला सोमवार होता. पाऊस सुरू होण्याआधी पोलीस ठाण्याच्या आवारातल्या जप्त मोटारसायकलींची यादी करून त्यांवर ताडपत्री घालायचं काम मी उरकत होते. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बरीच प्रकरणं विसरले. त्या सोमवारी सुरू झालेलं मात्र अजून डोक्यातून जात नाही.

घाटकोपर स्टेशनजवळचा एक झेरॉक्सवाला अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा. तो आवारातच आला आणि म्हणाला, "मॅडम, एकाच कंपनीचं लेटरहेड, पाच बायका, पाचही जणी सुपरवायझर. सगळ्या फॉरेनच्या व्हिसाला. एवढ्या सुपरवायझर, तर त्या कंपनीत काम कोण करतं?"

पत्त्यावर माणूस पाठवला. कंपनी नव्हतीच, तिथे बंद गाळा होता. टुरिस्ट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला आपण परत येणार हे पटवून द्यावं लागतं. नोकरी, घर, जमीन, काहीतरी इथे बांधून ठेवणारं हवं. ज्यांच्याकडे तसं कागदावर काही नाही, त्यांना एक एजंट ते छापून देत होता. पंच घेऊन त्याच्या ऑफिसवर छापा घातला. लेटरहेड मिळाली, शिक्के मिळाले नाहीत. एजंट थंडपणे म्हणाला, "मी फक्त फॉर्म भरतो. पत्रं बायका स्वतः आणतात."

म्हणून पाचही जणींना बोलावलं. चौघींनी आधी सगळं नाकारलं. माझा अनुभव असा, की सज्जन माणूस पोलीस ठाण्यात आधी खोटं बोलतो. सराईत माणूस पाणी मागतो.

पाचवी विक्रोळीच्या चाळीतली, पंचावन्नच्या आसपासची, मूळची मालवणकडची. नवरा वारलेला. खोली अजून सासऱ्याच्या नावावर, नाव कोणी बदलून घेतलं नव्हतं. घरून पोळीभाजीचे डबे द्यायची. मुलगी लग्न होऊन परदेशात, पहिलं बाळंतपण जुलैअखेर. तिला सासू नाही. हिला दीड महिना तिच्याजवळ जायचं होतं, एवढीच गोष्ट.

आमच्या हवालदाराने टोमणा मारलाच. "काय मावशी, सुपरवायझर ना तुम्ही? मग पोळ्या लाटता की सुपरवाईज करता?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "लाटणं माझं आणि नजर पण माझीच."

मी विचारलं, "पत्र खोटं आहे हे माहीत होतं?"

"होतं. तो म्हणाला, कागदावर तुमचं इथे काहीच नाही, ऑफिसर म्हणेल तुम्ही तिकडेच राहाल. मी म्हटलं, तिकडे कशाला राहू? त्याने पत्रात सप्टेंबरअखेरपर्यंत रजा लिहिली होती. मीच बदलून घेतली. गणपतीच्या आठ दिवस आधी मी इथे पाहिजेच."

"का?"

"यंदा गावच्या घरातल्या गणपतीची पाळी आमची आहे ना. भावकीत सहा घरं. सहा वर्षांनी पाळी येते. आता आमच्या घरात मीच उरले. मी नाय गेले तर घर बंद रवतला."

"तारीख बदलून घेतली म्हणजे काय केलं?"

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. पहिलं पत्र. एजंटने जुनी तारीख खोडून वर स्वतःच्या हाताने नवी लिहिली होती, आणि नवं पत्र छापून हे त्यांनाच परत दिलं होतं. त्यांनी ते ठेवलं, कारण मागची बाजू कोरी होती. तिथे गणपतीच्या सामानाची यादी होती: गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान, वाती, कापूर, शेजारच्या गुरवाला कळवणे.

एजंटचं हस्ताक्षर मिळालं. केस तिथे उलगडली. कागद पंचनाम्याने जप्त केला.

"यादी तेवढी उतरवून घेऊ?" बाईंनी विचारलं.

"आता नाही. पुरावा आहे तो."

वरिष्ठांनी मला विचारलं, "या बाईंना साक्षीदार करायचं की आरोपी? तपास तुमचा आहे." मी म्हटलं, "पाचही आरोपी. एकीला वगळलं तर बाकीच्यांचे वकील बोट ठेवतील." जबाबात मी लिहिलं, की अर्जदाराने जाणीवपूर्वक खोटं पत्र सादर केलं. ते खरंच होतं. तारीख का बदलून घेतली, ते लिहिलं नाही. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, असं मला वाटलं. मी फापटपसारा लिहीत नसे आणि त्याचा मला अभिमान होता.

जामीन झाला. पासपोर्ट कोर्टात जमा. परवानगीशिवाय मुंबई सोडायची नाही, ही अट. व्हिसा अर्थातच नाकारला गेला.

ऑगस्टच्या शेवटी बाई पुन्हा ठाण्यात आल्या. गावी जाण्याच्या परवानगीसाठी वकिलाने अर्ज केला होता आणि कोर्टाने त्यावर पोलिसांचं म्हणणं मागवलं होतं.

"लेक कशी आहे?" मी विचारलं.

"मुलगी झाली तिला. फोनवर सांगते, बाळाला अंघोळीला पायावर कसं घ्यायचं ते. ती घाबरते, पाय आखडून घेते. हात धरून दाखवता येत नाही ना."

मी अर्ज वाचला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "गावाहून परत याल याचा काही पुरावा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. "लेकीकडे जायला इथला पुरावा मागितला. आता गावी जायला पण इथलाच मागता. मॅडम, माझं नक्की कुठलं, ते तुम्हीच एकदा लिहून द्या."

मी अर्ज टेबलावर ठेवला.

आम्हाला शिकवतात, की हेतू कागदातून सिद्ध होतो. बऱ्याचदा होतोही. पण ज्यांच्या आयुष्याचे कागद कोणी केलेच नाहीत, त्यांचा हेतू त्यांच्या बोलण्यात असतो, आणि ते बोलणं उतरवून घेणं ज्याचं काम असतं, तोच ते गाळतो. बाईंनी खोटं पत्र दिलं हे चूक, आणि त्याची शिक्षा त्यांना व्हायलाच हवी होती असं मी आजही म्हणेन. पण त्यांना साक्षीदार करणं माझ्या हातात होतं. जबाबात दोन ओळी जास्त लिहिणं माझ्या हातात होतं. सोपं होतं ते मी केलं. आता हे म्हणून त्या बाळाची पहिली अंघोळ काही परत येत नाही.

म्हणणं लिहिलं: हरकत नाही. असा कागद एरवी शिपाई कोर्टात नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गेले. न्यायाधीशांनी कागद वाचला आणि विचारलं, "आरोपी परत येतील याची खात्री काय?"

"साहेब," मी म्हटलं, "या बाई कुठूनही परतच येणार होत्या. तारखेसकट त्यांनी मला सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही."

बारा दिवसांची परवानगी मिळाली.