दाजींनी बसवलेला फिल्टर

धरणाच्या फुगवट्यावर बाबांची मासेमारीची होडी आहे. तिच्या मागच्या फळीला जवळपास माझ्या वयाचं एक इंजिन लावलेलं. मागच्या पावसाळ्यानंतर ते भर पाण्यात गचके खाऊन बंद पडू लागलं. टाकी आतून गंजली होती आणि तो गंज पेट्रोलबरोबर इंजिनात जात होता.

लहानपणापासून त्या इंजिनाचं एकच काम माझ्याकडे होतं, फडक्यातून पेट्रोल गाळून टाकीत ओतायचं. इंजिनाला हात लावायचा नाही. आता मी गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तरी रविवारी गावी गेले की माझ्या हाती फडकंच.

एका रविवारी धाकटी बहीण आणि तिचा नवरा आले. दाजी नाशिक रोडला बँकेत कारकून, पण मोटारसायकली खोलायचा नाद. इंजिनाचं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "मामा, टाकी आणि इंजिनाच्या मधल्या नळीत फिल्टर टाकू. गंज तिथंच अडेल."

मी स्वयंपाक उरकून बाहेर आले आणि शेजारीच उभी राहिले. बाबांनी पक्कड आणली आणि दाजींच्या हातात दिली. कालपरवा घरात आलेल्या माणसाच्या हातात.

दाजींनी ब्लेडनं नळी कापली, मध्ये काचेसारखा पारदर्शक फिल्टर बसवला, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. नळीवरचा, पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबून कुठं गळत नाही ना ते पाहिलं. इंजिन दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. बाबा हसले. "जावईबापू, लय भारी काम केलं."

बहिणीनं माझ्याकडं अभिमानानं पाहिलं. मी चहा टाकायच्या निमित्तानं घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही. फिल्टर गळावा असं मनात आलं. तो गळला नाही. पुढं कित्येक रविवार बाबांच्या तोंडी जावईच होते.

मग उन्हाळ्यात इंजिन पुन्हा अडखळू लागलं. फिल्टर गंजानं तपकिरी झाला होता. बाबा म्हणाले, "दाजीला फोन लाव."

"ते कामावर असतील. मी बदलते," मी म्हटलं.

ते होडीतलं पाणी उपसू लागले. दाजींनी जास्तीचा एक फिल्टर देऊन ठेवला होता. मी जुना काढला, नवा बसवला. क्लिपा आवळताना बोटं पेट्रोलनं गार पडली. बाबांनी एवढंच विचारलं, "फिल्टरवरचा बाण इंजिनाकडं हाय ना?"

"हाय."

इंजिन लागलं. आम्ही जाळी काढून परतलो. काठावर येताच बाबांनी जावयाला फोन लावला. "तुमचं फिल्टर ब्येस चाललंय."

माझा जळफळाट झाला. मी सरळ फोन मागून घेतला. "दाजी, आज फिल्टर मी बदलला."

पलीकडून दाजी म्हणाले, "मामांनी बदलू दिला? न विचारता? ताई, पक्कड आणायच्या आधी त्यांनी माझी तासभर उलटतपासणी घेतली होती. तुम्ही आत स्वयंपाकात होता."

मी बाबांकडं पाहिलं. ते मासे निवडत होते. मी दाजींना म्हटलं, "मला फक्त बाणाचं विचारलं. सांगा ना, तुम्हाला काय काय विचारलं होतं?" आणि सगळं शांतपणे, अगदी चवीनं ऐकलं.