भाकर माझ्याच हातची

भिलाईत आमचं पहिलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायचा विधी, ठरलं आणि त्याची भाकर करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं! कारखाना अजून उभा राहत होता. नवरा तिथे फिटर होता. भंडाऱ्याकडून आलेली आम्ही सहा-सात ख्रिस्ती घरं दर रविवारी पत्र्याच्या एका शेडमध्ये भक्तीला जमायचो, पण प्रभुभोजनासाठी रायपूर गाठावं लागे. आता तिथले पाळक, आमचे धर्मगुरू, स्वतः गाडीने आमच्याकडे येणार होते!

मी गहू दोनदा निवडले. मनुका उकळून द्राक्षारस केला. नळावर भेटेल त्या बाईला सांगितलं की या भाकरीत खमीर घालत नसतात. कोणी विचारलं नव्हतं.

अडचण एकच होती. आमच्यात रीत अशी, की आदल्या दिवशी, म्हणजे तयारीच्या शनिवारी, ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याने जाऊन समेट करायचा. मन तपासल्याशिवाय प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, मग भाकर करायची तर गोष्टच सोडा. आणि माझं पलीकडच्या रांगेतल्या क्रेनवाल्याच्या बायकोशी तीन महिने बोलणं बंद होतं. तीही आमच्याच मंडळीतली. एका रविवारी मी गीताला नेहमीसारखा वरचा सूर लावला, तर बाहेर पडताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हळू गात जा ना वो बाई, देवाले चांगलं ऐकू येते." तेव्हापासून ती नळावर आली की मी अर्धी भरलेली बादली उचलून निघत असे.

शनिवारी दुपारी मी तरातरा तिच्या दारात गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"झालं गेलं जाऊ दे बाई," मी म्हणाले. "मी तुले माफ केलं."

तिचं सूप थांबलं. "तू मले माफ केलं?"

"हो."

"माह्यासाठी आली, का भाकरीसाठी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देवासाठी आली!" असं म्हणून मी पाठ फिरवली.

रस्ताभर मी तणतणत होते. मग कारखान्याचा भोंगा झाला आणि माझे पाय आपोआप थांबले. देवासाठी? सकाळपासून मला देव एकदाही आठवला नव्हता! डोळ्यांसमोर होते ते पाळक, माझी भाकर हातात घेऊन 'वा' म्हणणारे. मला इतकी लाज वाटली, की पीठ तिलाच देऊन टाकावं असं मनात आलं. लगेच दुसरा विचार आला, लोक म्हणतील, काय नम्र बाई आहे! धन्य माझी! मन कसलं बेरकी असतं, ते मला त्या उन्हात कळलं. घरी येऊन मी रागारागाने पीठ मळलं, गरजेपेक्षा जास्तच मळलं, आणि भाकर भाजली.

रविवारी शेड भरली होती. पाळकांनी विचारलं, कोणाच्या मनात काही आहे का? मी उभी राहिले.

"मी काल हिले माफ करायले गेली होती," मी म्हणाले. "खरं तर माफी मले मागायची होती. ही खरं बोलली होती. मी तुमच्यासाठी गाते. भाकर बी तुमच्यासाठीच केली."

मग मागून क्रेनवाल्याची बायको उठली. "मी बी सकाळपासून वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली, "का हिची भाकर बिघडली पायजे."

शेडभर हसू फुटलं. पाळकांनी तोंडावर रुमाल धरला.

भाकर बिघडलीच होती. पाळकांना ती दोन्ही हातांनी ओढून मोडावी लागली. क्रेनवाल्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली आणि आम्ही दोघी तो चिवट तुकडा कितीतरी वेळ चावत राहिलो. मला रडू येत होतं आणि इतका आनंद झाला होता, की काय सांगू!

शेवटचं गीत सुरू झालं. मी गप्पच होते. तिने मला कोपराने ढोसलं. "कावून चूप? गा ना वो."

मी गायले. सूर वरचाच लागला. कोण ऐकतंय ते पाहायला मी मान वळवली नाही. एकदाच वळवली, तिच्याकडे. तीही वरच्या सुरात गात होती.